काकडी ती काकडीच?

‘काकडी ती काकडीच, तिच्या नांवांचा एवढा काथ्याकूट कशाला?’ असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आज कांहीं थोडे नाहींत. तवशाला काकडी म्हणावें, वाळकालाही काकडीच म्हणावें, यांत त्यांना भाषेचा सुटसुटीतपणा दिसतो. आम्हांस त्यांत भाषेचें दारिद्र्य दिसतें.

संस्कृत ‘कर्कटी’पासून काकडी आली, ‘त्रपुसा’पासून तवसें आलें. जात एकच, पण कोंकणांत पावसाळ्यांत वेलावर पोसलेलें जाड तवसें आणि कोशिंबिरीची कोंवळी काकडी यांचा उपयोग गृहिणी एक मानीत नाहीं. तवसें किसून, त्यांत गूळ व तांदळाचा रवा घालून तवसोळी होते. काकडीला दाण्याचें कूट आणि फोडणी पुरे. वाळूक तर जातीनेंच निराळें. तें खरबुजाचें भावंड. काकडीच्या पेशींत १४ गुणसूत्रें, खरबुजाच्या पेशींत २४. म्हणून दोघांचे वेल शेजारीं वाढले तरी संकर होत नाहीं. हिंदी भाषिकांची ‘ककडी’ म्हणजे आपलें वाळूक, आणि आपली काकडी त्यांचा ‘खीरा’!

हा केवळ भाजीबाजारांतला घोटाळा नव्हे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मृत्युंजय मंत्र घरोघर म्हटला जातो. मृत्यूच्या बंधनांतून सुटण्याला तेथें ‘उर्वारुक’ फळाची उपमा आहे, आणि अर्थ सांगतांना तिच्या जागीं सर्रास काकडी येते. पण काकडी पिकून पिवळी झाली तरी देंठ सोडीत नाहीं. ती तोडावीच लागते. खरबुजाच्या जातींतील पुष्कळ फळें मात्र पिकतांच देंठापासून आपोआप सुटतात. उर्वारुक नेमकें कोणतें, याचा वाद विद्वानांनीं खुशाल करावा. परंतु काकडी म्हटल्याबरोबर उपमेचा प्राणच जातो, हें कोणत्याही माळ्याला कळेल.

‘भाषा बदलायचीच’ असें यावर उत्तर मिळेल. बदलेल, पण बदलणें निराळें आणि विसरणें निराळें. काकडी कांहीं परदेशची पाहुणी नव्हे; ती मूळची भारताचीच, आणि तिचा कडू रानटी आप्त हिमालयाच्या पायथ्याशीं अजून उगवतो. घरच्या वेलीचीं नांवें आपणच टाकलीं, तर तीं दुसरा कोण जपणार? जें फळ कोणी नांवानें मागत नाहीं, त्याचें बीं शेतकरी तरी कशाला राखील? शब्दाबरोबर बीं जातें, आणि गेलेलें बीं कोणत्याही कोशांत सांपडत नाहीं.