टिंगल नेमकी कोणाची?

"परदेशात वाढलेली ही मुलं गोऱ्यांसमोर आपल्याच आईबापांची टिंगल करतात," हे वाक्य आमच्या नातेवाइकांत सुभाषितासारखं फिरतं. मला ते मुळीच पटत नाही.

१९७७ साली आयटीव्हीवर 'माइंड युवर लँग्वेज' सुरू झाली. लिहिणारा इंग्रज, आणि हसायचं कशाला, तर परक्या विद्यार्थ्यांच्या मोडक्या इंग्रजीला. ती आपण पोट धरधरून पाहिली. तेव्हा कोणाचा अभिमान दुखावला नाही! (मी जन्मभर मास्तरकी केली. शिकणाऱ्याच्या उच्चारांना हसणं मला तरी जमलं नाही.)

आता 'गुडनेस ग्रेशस मी' घ्या. १९९६ मध्ये बीबीसी रेडिओवर, १९९८ पासून टीव्हीवर. मीरा स्याल, संजीव भास्कर ही स्थलांतरितांची ब्रिटनमध्येच जन्मलेली मुलं. नाव कुठलं घेतलं? पीटर सेलर्सने भारतीय डॉक्टरचं सोंग घेऊन १९६० साली सोफिया लॉरेनबरोबर म्हटलेल्या गाण्याचं! ज्या शब्दांनी चिडवलं, तेच यांनी पाटीवर लिहिले. एका प्रसंगात मुंबईचं टोळकं इंग्रजी हॉटेलात जातं, वेटरच्या नावाची मोडतोड करतं आणि सगळ्यांत बेचव पदार्थ कुठला म्हणून विचारतं. सांगा, इथे टिंगल कोणाची झाली?

हो, त्यात आपलीही माणसं आहेत. जगातली प्रत्येक गोष्ट मूळची भारतीयच, असं ठासून सांगणारे एक वडील आहेत. अतिशयोक्ती म्हणता? आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते रोज सकाळी सहाला हजर असतात.