राज्याचे देणे आणि लोकांचे दान

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ साली स्थापन झालेली ‘होम्स फॉर अवर ट्रूप्स’ ही धर्मादाय संस्था इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत हातपाय गमावलेल्या, कंबरेखाली लुळ्या पडलेल्या अथवा मेंदूला जबर इजा झालेल्या सैनिकांसाठी घरे बांधून देते. वीस वर्षांत अशी सुमारे चारशे घरे तिने उभी केली. ही घरे कशी असतात हे पाहण्यासारखे आहे. दारे इतकी रुंद की चाकांच्या खुर्चीला कोठेही अडखळावे लागू नये. उंबरठा नाही. स्वयंपाकाच्या ओट्याखाली मोकळी जागा ठेवलेली, म्हणजे खुर्चीत बसून चहा करता येतो, भांडी विसळता येतात. वरच्या फळ्या हाताशी खाली ओढता येतात, न्हाणीघरात खुर्चीसकट शिरता येते, आणि ज्याला हातच नाहीत त्याच्यासाठी दार बटणाच्या एका स्पर्शाने उघडते. घरावर कर्जाचा बोजा नसतो. किल्ली देण्याच्या दिवशी गावकरी, शेजारी आणि शाळकरी मुले झेंडे घेऊन जमतात.

या कामाची टवाळी करण्याचे कारण नाही. गंभीर जखमी झालेला माणूस रुग्णालयातून परत येतो तेव्हा त्याला प्रथम कळते ते हे, की ज्या घराची आठवण काढीत त्याने रणांगणावर रात्री काढल्या ते घर उभ्याने चालणाऱ्या माणसांसाठी बांधलेले आहे. तीन पायऱ्या, एक अरुंद बोळ आणि अडीच फुटांपेक्षाही कमी रुंदीचे मोरीचे दार एवढ्याने तो आपल्याच घरात कैदी होतो. पत्नी किंवा म्हातारी आई त्याची जन्माची परिचारिका होते. घर बदलले की तोच माणूस स्वतः अंघोळ करतो, मुलाला शाळेसाठी तयार करतो, नोकरीचा विचार करू लागतो. पुनर्वसनाची सारी शास्त्रे अखेर या चार भिंतींच्या रचनेपाशी येऊन थांबतात.

प्रश्न एवढाच, की हे देणे कोणाचे होते?

या सैनिकांना इराकमध्ये कोणत्याही धर्मादाय संस्थेने पाठविले नव्हते. २००२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या काँग्रेसने युद्धाला संमती दिली आणि २००३ च्या मार्चमध्ये सरकारने सैन्य धाडले. त्याच सरकारने २००१ आणि २००३ साली कर कमी केले. युद्ध चालू असताना कर उतरविण्याचा हा प्रकार अमेरिकेच्या इतिहासालाही नवा होता. युद्ध कर्जाऊ पैशावर लढले गेले. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ साली इराक युद्धाचा खर्च तीन लाख कोटी डॉलरांवर नेला तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. त्या हिशेबात तोफा आणि विमानांच्या जोडीला एक मोठी बाब होती ती जखमींच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेची. चिलखते सुधारली होती, जखमीला तासाभरात शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेण्याची व्यवस्था झाली होती. व्हिएतनाममध्ये जो मरण पावला असता तो आता जगू लागला, पण दोन्ही पाय गमावून. वैद्यकाने त्याचा जीव वाचविला. पुढच्या पन्नास वर्षांची तरतूद मात्र अंदाजपत्रकात नव्हती.

अमेरिकन राज्यसंस्थेने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, कंबरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी खास रचनेच्या घराचे अनुदान कायद्याने सुरू झाले. घराच्या खर्चाच्या निम्मी रक्कम, मर्यादा दहा हजार डॉलर. १९५० च्या शिरगणतीत अमेरिकेतील घराची मध्यम किंमत ७,३५४ डॉलर भरली होती. याचा अर्थ असा, की त्या काळी या अनुदानाची कमाल मर्यादा सर्वसाधारण घराच्या संपूर्ण किमतीहून मोठी होती. २०२४ च्या आर्थिक वर्षात ती १,१७,०१४ डॉलर होती आणि त्याच सुमारास नव्या घराची मध्यम किंमत चार लाख डॉलरांच्या पुढे गेली होती. हे दोन्ही काळांचे आकडे नेमके एका मापाचे नाहीत. पहिल्यात जुनी घरेही धरली आहेत, दुसऱ्यात केवळ नवी. तरीही उतरण लपत नाही. जे अनुदान एकेकाळी घर देत होते ते आता घराचा चौथा हिस्सा देते. मधल्या दशकांत मर्यादा काँग्रेसच्या मर्जीने, अधूनमधून वाढत राहिली. बांधकामाच्या खर्चाशी ती आपोआप जोडली जावी ही साधी गोष्ट २००८ चा कायदा होईपर्यंत घडली नाही. तोवर जमिनीच्या आणि बांधकामाच्या किमतींनी आपले काम केले होते. उरलेले तीन हिस्से कोठून यावेत? तेथेच धर्मादाय संस्थेचा जन्म होतो. राज्याने मागे घेतलेल्या पावलाची जागा तिने भरून काढली आहे.

याहून विलक्षण गोष्ट आहे ती कोट्याची. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेत एक पाय गमावलेल्या सैनिकालाही हे अनुदान मिळावे अशी सुधारणा पुढे झाली, परंतु अशा प्रकरणांची संख्या वर्षाला ३० इतकीच बांधण्यात आली. २०२० च्या कायद्याने ती १२० केली. सुरुंगाला असा कोटा नव्हता. एका वर्षी एकतिसावा पाय तुटला तर त्याने पुढील आर्थिक वर्षाची वाट पाहावी, असे एखाद्या विनोदी नाटकात लिहिले असते तर प्रेक्षकांनी लेखकाला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

हक्काला निवड करता येत नाही, दानाला ती करावीच लागते, आणि यात संस्थाचालकांचा दोष नाही. ‘होम्स फॉर अवर ट्रूप्स’चे कार्य २००१ नंतरच्या जखमींपुरते आहे. मेकाँगच्या खोऱ्यात पाय गमावलेला, आज पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस त्या कक्षेत बसत नाही. युद्ध ताजे असते तोवर देणग्या येतात. वृत्तपत्रांतील छायाचित्रे बदलली की देणगीदाराचे मनही बदलते, सैनिकाचा कणा मात्र तसाच राहतो. शिवाय ज्याला आपण खासगी औदार्य म्हणतो त्यातही सरकारी पैसा दडलेला असतो. वरच्या थरातील करदात्याने शंभर डॉलर दान दिले तर त्याचा सुमारे पस्तीस डॉलर कर वाचतो. तेवढी रक्कम तिजोरीने सोडली, परंतु ती कोणाच्या घरासाठी जावी हे ठरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या हातून निघून दात्याकडे गेला. म्हणजे खर्चाचा भाग समाजाचा आणि निर्णय श्रीमंताचा.

ब्रिटनचा इतिहास याच प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवितो. १९१६ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, नाट्यगृहांचे मालक सर ऑस्वाल्ड स्टोल यांनी लंडनमधील फुलहॅम येथे अपंग सैनिकांच्या कुटुंबांसाठी घरे बांधण्यास जागा दिली. त्यासाठी अर्ध्या पेनीची ‘वॉर सील’ तिकिटे विकून पैसा उभा केला गेला. कामगारांनी, गृहिणींनी पत्रांवर ती तिकिटे चिकटवली. शंभर वर्षे ती घरे सैनिकांना आसरा देत राहिली. पण शेजारीच चेल्सी फुटबॉल क्लबाचे मैदान आहे आणि त्या भागात जमिनीचा भाव सोन्याचा झाला आहे. २०२३ साली संस्थेने आपल्या आवाराचा सव्वा एकराच्या आसपासचा भाग त्या क्लबाला विकण्याचे ठरविले. सुमारे आठ कोटी पौंडांचा आकडा प्रसिद्ध झाला. या पैशांतून अन्यत्र अधिक घरे बांधता येतील, असे संस्थेचे म्हणणे होते. हिशेब म्हणून ते चूक नाही. तेथे राहणाऱ्यांपैकी अनेकांनी मात्र विरोध केला. आपल्या घराचे भवितव्य विश्वस्तांच्या बैठकीत ठरते आणि त्या बैठकीत आपल्याला मत नाही, हे त्यांच्या लक्षात आले होते. दानाने मिळालेल्या घराला भिंती असतात, छप्पर असते. भाडेकरूला बेदखलीविरुद्ध किंवा मतदाराला सरकारविरुद्ध जे हत्यार असते ते तेथे नसते.

त्याच ब्रिटनमध्ये लॉईड जॉर्ज यांनी १९१८ च्या नोव्हेंबरात वीरांना राहण्यायोग्य देश घडविण्याचे वचन दिले होते. १९१९ च्या ॲडिसन कायद्याने नगरपालिकांमार्फत पाच लाख घरे बांधण्याचा संकल्प सोडला. दोन वर्षांत मंदी आली, काटकसरीची कुऱ्हाड पडली, आणि सुमारे २ लाख १३ हजार घरांवर काम थांबले. तरीही शंभर वर्षे देणगीच्या पेट्या फिरवून सगळ्या संस्थांना मिळून जे साधले नसते ते एका अर्धवट कायद्याने साधले. कारण ती घरे मागणाऱ्याला आपण पराक्रमी आहोत हे सिद्ध करावे लागत नव्हते.

येथे एक आक्षेप येतो आणि समाजवादी विचाराच्या माणसांनी तो टाळू नये. इतिहासकार डेबोरा कोहेन यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या ब्रिटन आणि जर्मनीतील अपंग सैनिकांची तुलना केली आहे. वायमार प्रजासत्ताकाने १९२० च्या कायद्याने जर्मन अपंगांना उदार पेन्शन दिली, नोकरीचे संरक्षण दिले आणि खासगी धर्मादायाला लगाम घातला. ब्रिटिश सरकारने हात आखडता घेतला आणि बराच भार लोकांच्या देणग्यांवर सोडला. तरीही ब्रिटिश सैनिक राजाशी एकनिष्ठ राहिले आणि जर्मन सैनिकांनी प्रजासत्ताकाकडे पाठ फिरविली. कोहेन यांच्या मते, देणगी देणाऱ्या शेजाऱ्याचा चेहरा ब्रिटिश सैनिकाला दिसत होता. जर्मन सैनिकाला दिसत होती ती फक्त कचेरीची खिडकी. हे विवेचन मनन करण्याजोगे आहे. राज्याने देणे फेडले म्हणजे समाजाचे काम संपले, अशी समजूत करून घेणे महागात पडते. किल्ली देण्याच्या दिवशी झेंडे घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांची जागा सरकारी धनादेश घेऊ शकत नाही. परंतु यातून निष्कर्ष निघतो तो शेजाऱ्यांनी यावे हा. भिंतींचा खर्च त्यांच्या लहरीवर सोडावा हा नव्हे. जर्मन कचेरीचा दोष तिच्या कोरडेपणात होता, तिच्या पैशात नव्हता.

भारतातही हा प्रश्न परक्याचा नाही. पहिल्या महायुद्धात साम्राज्यासाठी लढून अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हाताला काम शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज तांत्रिक संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला आली. त्याच खडकीत १९७४ पासून, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र चालते. सरकारी अनुदान आणि लोकांच्या देणग्या या दोन चाकांवर. तेथील मंडळी काम करतात, खुर्चीतून खेळतात, स्वाभिमानाने राहतात. पण ते संस्थेचे आवार आहे. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या एखाद्या खेड्यातील ज्या घरातून तो तरुण भरतीला निघाला, त्या घराला अजून उंच जोते आहे, पायऱ्या आहेत आणि शौचालय परसात आहे. संस्थेतील जागा ही त्या घराला पर्याय म्हणून मिळते. ते घर त्याला परत मिळत नाही. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या निधीसाठी जिल्ह्याजिल्ह्याला उद्दिष्टे ठरवून दिली जातात आणि कचेऱ्यांतून ती पुरी केली जातात. वर्गणीला उद्दिष्ट आणि हक्काला मर्यादा, हे तर्कशास्त्र येथेही रुळले आहे.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने या प्रश्नाला नवी धार आणली. नियमित सेवेतील जवान युद्धात पूर्ण अपंग झाला तर त्याला आयुष्यभराचे निवृत्तिवेतन असते. सेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या अग्निवीराला एकरकमी ४४ लाख रुपये आणि चार वर्षांच्या मुदतीपैकी उरलेल्या काळाचा पगार मिळतो. पुढे पेन्शन नाही. ४४ लाख ही रक्कम ऐकायला मोठी वाटते. सात टक्के व्याजाने तिचे महिन्याला साडेपंचवीस हजारांच्या आसपास उत्पन्न होते. त्यात औषधे, सतत सोबतीला हवा असलेला माणूस आणि महागाई हे सर्व भागवायचे. वय वर्षे बावीस. मुद्दलाला हात लावून घर बदलायचे ठरविले तर व्याज कमी होते, आणि घर बदलले नाही तर तो खाटेवरून उठत नाही. अशा कोंडीत ज्याला टाकले जाते त्याच्यासाठी उद्या एखादी धर्मादाय संस्था निघेलच, तिचे कार्यकर्ते भले असतील, आणि समारंभाला मंत्रीही हजर राहतील.

ग्रामीण घरकुल योजनेत किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलेले आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. चाकांच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. खुर्ची वळण्याची ही जागा स्वयंपाकघरात, मोरीत आणि दारापाशी धरली तर त्या नकाशात बाकीच्या वापराची जागा बरीच आक्रसते. युद्धात वा सेवेत गंभीर अपंग झालेल्या प्रत्येक सैनिकाला, पद, युद्धाचे नाव किंवा सेवेची मुदत न पाहता, त्याच्या गावी, त्याच्या नावावर, त्याच्या खुर्चीच्या मापाचे घर बांधून देण्याची जबाबदारी केंद्र सरकारच्या संरक्षण खर्चावर टाकणारा कायदा ही मागणी म्हणूनच पुढे आली पाहिजे. अनुदानाची रक्कम बांधकामाच्या खर्चाबरोबर दरवर्षी वाढावी आणि लाभार्थ्यांच्या संख्येला कोणतीही कमाल मर्यादा नसावी, हे त्या कायद्यातच लिहिलेले हवे. कार्यकर्त्यांना त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून गंभीर अपंग माजी सैनिकांची गावनिहाय संख्या मागावी, ग्रामपंचायतीला सोबत घेऊन त्या घरांपर्यंत जावे, आणि मोजपट्टीने दाराची रुंदी लिहून आणावी.