अल्पाकाची शाल आणि आपली घासाघीस



पेरू-इक्वेडोरच्या सहली आता आपल्या समाजातूनही निघू लागल्या आहेत. सोबत आपला स्वयंपाकी, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, सूर्यास्ताआधी ताट समोर आणि पत्रकावर मोठ्या अक्षरात 'सांस्कृतिक सहल'. मी अशीच एक करून आले. माचू पिक्चूबद्दल आज लिहीत नाही, त्याचे फोटो तुम्ही पोटभर पाहिले आहेत. मला बोलायचंय ते बाजारांबद्दल, आणि तिथे आपण बायका कशा वागतो त्याबद्दल. स्पष्टच सांगते. अँडीजच्या डोंगरात जमिनीवर कापड पसरून बसलेल्या विणकर बाईशी आपण जी घासाघीस करतो, तिला मी हुशारी म्हणणार नाही. आपल्या अचौर्य अणुव्रताच्या कुंपणाला ती बाहेरून घासून जाते, आणि कधीकधी कुंपण ओलांडूनही जाते.

राग आला तरी पुढे वाचा.

कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथून बसने थोडं वर गेलं की चिंचेरो हे गाव लागतं, ते आणखी उंच. पहिल्या दिवशी दोन जिने चढले तरी धाप लागते. त्या हवेत बायका मेंढीची आणि अल्पाकाची लोकर साक्ता नावाच्या मुळाच्या फेसाने धुतात, टकळीवर सूत काढतात (हो, आपल्या आजोबांच्या पिढीने चालवली तशीच टकळी, फक्त इथल्या बाया चालता-चालता, मेंढ्या राखता-राखता ती फिरवतात), मग ते रंगवतात आणि मग विणायला बसतात. मागाचं एक टोक खुंट्याला, दुसरं टोक कमरेच्या पट्ट्याला. बाई मागे रेलली की ताणा घट्ट, पुढे झुकली की सैल. म्हणजे तिचं शरीरच मागाचा अर्धा भाग असतं. खांद्यावर घ्यायची एक 'यिक्या' पुरी व्हायला कित्येक आठवडे जातात, कारण स्वयंपाक, शेत, मुलं हे सगळं सांभाळून ती विणते. तिच्या चारही कडा मागावरच बंद होतात, कापडाला कात्री लागतच नाही. दोन पट्ट्या विणून मधोमध शिवलेल्या असतात. आणि नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते.

हे वाचून तुम्हाला पैठणी आठवली असेल. मलाही आठवली. हातमागाची पैठणी ओळखायला आपण काठ उलटून बघतो, मागे लोंबते धागे दिसले की नाक मुरडतो. येवल्याच्या विणकराने महिनोन्‌महिने घातले असतील तर हजारो रुपये मोजायची आपली तयारी असते, आणि लग्नात चारचौघींना ती किंमत सांगायलाही आवडते. मग तेच डोळे, तेच ज्ञान विमानात बसल्यावर कुठे जातं?

आमच्या गटातल्या एका काकूंनी पिसाकच्या बाजारात अशाच हातविणीच्या कापडाचा भाव १८० सोलवरून ७० वर आणला. एक सोल साधारण २५ रुपये धरा. पंचवीस मिनिटं हे चाललं होतं. दोनदा उठून निघून जाण्याचं नाटक झालं, बसचा भोंगा वाजला, आणि शेवटी त्या बाईने काही न बोलता कापड घडी करून पिशवीत घातलं. बसमध्ये काकूंसाठी टाळ्या वाजल्या. मी त्यांना तिथेच म्हटलं, "काकू, आपण या सहलीला माणशी किती लाख भरलेत?" त्यानंतर दोन दिवस माझ्याशी कोणी नीट बोललं नाही.

काकूंचं उत्तर होतं, "तिने खुशीने दिलं, मी हिसकावलं का?" हाच मुद्दा नीट बघू. आपल्याकडे चोरीची व्याख्या 'अदत्तादान' अशी आहे, म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं. दिलेलं म्हणजे मनापासून दिलेलं. दिवसभर काही खपलं नाही, संध्याकाळ झाली, गावी परतायला गाडीभाडं हवं, समोरची बाई निघून चालली आहे, अशा वेळी मन मारून जे हातातून सुटतं त्याला दिलेलं म्हणायचं? दुकानदाराच्या तराजूत खोट निघाली तर आपण त्याला अतिचार म्हणतो. इथे तराजू आपल्या हातात होता.

दुसरं उत्तर ठरलेलं असतं: "अहो, त्या मुद्दाम चढवूनच सांगतात." काही ठिकाणी खरंही आहे. इक्वेडोरमधल्या ओतावालोचा शनिवारचा बाजार बघा. तिथले किचवा लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापारी. पांढरी विजार, निळा पोंचो, पाठीवर लांब वेणी घातलेले पुरुष जगभर माल घेऊन फिरतात. वसाहतीच्या काळात याच भागात स्पॅनिश मालकांच्या 'ओब्राखे' नावाच्या कापड-कारखान्यांत त्यांच्या पूर्वजांना राबवलं गेलं, आणि त्याच कापडाच्या जोरावर नंतर हे लोक उभे राहिले. पण आज त्या बाजारातला पुष्कळ माल विजेच्या मागावर निघतो. इचलकरंजीच्या आसपास राहणाऱ्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको, कापड हातात घेतलं की कळतं. तिथे व्यापाऱ्याशी भाव करा, खुशाल करा, तोही तुम्हाला पुरून उरेल. तो बरोबरीचा खेळ आहे. स्वतः विणून स्वतः विकायला बसलेल्या बाईशी तो खेळ होत नाही. एवढा भेद आपल्याला करता येत नसेल तर घराण्यात चार पिढ्या व्यापार असल्याचं सांगू नये.

तिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाची गोष्ट तर मला फार आवडली. तिथे टोप्या पुरुष विणतात, सुया हातात घेऊन रस्त्याने चालत विणतात. या बेटाच्या विणकामाला युनेस्कोने २००५ साली मान दिला. तिथल्या लोकांनी आपसात ठरवून सगळ्यांचा माल चौकातल्या सहकारी दुकानात ठरल्या भावाने विकायची रीत पाडली, म्हणजे शेजारी शेजाऱ्याचा भाव पाडणार नाही. दूधसंघ आणि साखर कारखाने पाहिलेल्या आपल्या भागातल्या माणसांना हे किती जवळचं वाटायला हवं! आमच्या बसमधली प्रतिक्रिया काय होती? "इथे भाव करत नाहीत, चला, पुढे घेऊ."

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा आपल्या सगळ्या ग्रुपवर केवढा संताप उसळला होता. चामड्याची म्हणून ती चप्पल न घालणाऱ्या आपल्या कित्येक घरांतही "आमच्या कारागिरांचा अपमान" असे संदेश फिरले. बरोबरच होतं ते. पण मग कारागिराचं नाव विचारायची सवय आपल्यापासून सुरू व्हायला नको का? कुस्कोत नील्दा कायान्याउपा अल्वारेस या चिंचेरोच्याच विणकर बाईंनी १९९६ साली पारंपरिक विणकामाचं केंद्र उभं केलं. तिथे कापडाला विणणाऱ्या बाईच्या नावाची चिठ्ठी असते. आमचा गट आत गेला, चिठ्ठ्यांवरचे भाव वाचले आणि बाहेर आला. चिठ्ठीवरचं नाव कोणी वाचलं असेल असं वाटत नाही.

आणि हे कापड म्हणजे नुसती हौसेची वस्तू नव्हे. १७८१ च्या १८ मे रोजी कुस्कोच्या मुख्य चौकात दुसरा तुपाक अमारू आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास यांना स्पॅनिशांनी हालहाल करून मारलं. बंड मोडल्यावर हुकूम निघाला, इंकांचा पोशाख घालायचा नाही, केचुआ बोलायचं नाही. पेरूत केचुआला अधिकृत भाषेचा दर्जा मिळायला १९७५ साल उजाडलं. ज्या चौकात आपण रंगीत कपड्यातल्या, कडेवर अल्पाकाचं पिल्लू घेतलेल्या बायांचे फोटो काढतो, तोच हा चौक. फोटोनंतर बाईने नाण्यासाठी हात पुढे केला की "पैशासाठी करतात हो" म्हणून तोंड फिरवणाऱ्याही आपल्याच. पैशासाठीच करतात. आपण काय पुण्यासाठी फोटो काढत होतो?

आता अहिंसेवर येते, कारण खरा तमाशा तिथे झाला. चिंचेरोत रंग दाखवताना बाईने निवडुंगावरचा पांढुरका किडा तळहातावर चिरडला आणि हात लालभडक झाला. हा कोचिनील. त्याचं सर्वात मोठं उत्पादन पेरूतच होतं, आणि किलोभर वाळवलेल्या किड्यांसाठी लाखाच्या वर जीव जातात. आमच्यातल्या तिघी-चौघी ओरडून बाहेर पडल्या. एकीने दुभाष्यामार्फत त्या बाईला हिंसेवर दहा मिनिटं ऐकवलं. ती हिंसाच आहे, त्यात मला शंका नाही. पण ऐकवणाऱ्या वहिनींच्या ओठांवरची लाली कशाची होती? पुष्कळ लिपस्टिकांत, लाल-गुलाबी गोळ्या-मिठायांत घालतात तो कार्माइन, वेष्टनावर ई १२० लिहिलेला, तो हाच किडा. देवदर्शनाला नेसायच्या रेशमाचं तर बोलायलाच नको. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी रेशीम सोडलंय, त्यांना माझा नमस्कार.

आणि त्याच दिवशी दुपारी त्याच वहिनींनी नातवासाठी मऊमऊ पांढरं अल्पाकाचं खेळणं घेतलं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका. शालीची लोकर कातरून काढतात, वर्षातून एकदा, जनावर जिवंत राहतं. पण ती गुबगुबीत खेळणी, केसाळ सपाता, जमिनीवर टाकायचे पांढरे गालिचे, ही केसांसकटची कातडी असते. 'आपोआप मेलेल्या जनावराची' असं दुकानदार सांगतो. चामड्याच्या पाकिटाबद्दल हे उत्तर आपण ऐकून घेतलं असतं का? गरीब बाईच्या तळहातावरचा किडा दिसला, काचेच्या दुकानातलं कातडं दिसलं नाही.

कोचिनील नको असेल तर सरळ मागणं मागा. चिल्का नावाच्या झुडपाचा हिरवा रंग त्यांच्याकडे असतो, पिवळा फुलांपासून निघतो, तपकिरी-करडा-काळा तर जनावराचा अंगचाच रंग. आणि लोकरही नको असेल तर इक्वेडोरमधल्या क्वेन्काच्या टोप्या घ्या. जगात त्यांना पनामा म्हणतात, पण त्या विणतात इक्वेडोरमध्ये, तोकिया नावाच्या झाडाच्या पानांच्या तंतूंपासून. त्या कलेलाही २०१२ साली युनेस्कोची मान्यता मिळाली. पूर्णपणे वनस्पतीची वस्तू. आमच्या गटाला क्वेन्कात वीस मिनिटं मिळाली, आणि कातडी मालाच्या दुकानात दीड तास. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. बस कुठे थांबायची ते कमिशन ठरवतं, इथेही आणि आग्र्यालाही.

"ती माणसं गिनीपिग भाजून खातात, त्यांचा काय कळवळा?" असंही ऐकलं. हो, खातात. कुस्कोच्या कॅथेड्रलमधल्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात येशूच्या ताटातही तोच प्राणी आहे. पण कामाचा मोबदला समोरच्याचं ताट बघून कमी करायचा, असं कोणत्या मुनिमहाराजांच्या प्रवचनात ऐकलंत? उलट जेवणाच्या बाबतीत आपणच करंटे ठरलो. बटाट्याची ही जन्मभूमी म्हणून सगळ्या घाबरून डब्यातली खाकरी चघळत होत्या, आणि शेजारच्याच टोपलीत कीविचा होता. कीविचा म्हणजे तिकडचा राजगिरा, त्याचे लाडूसारखे गोड तुकडेही मिळतात. क्विनोआ, मक्याची कणसं, आपल्या सीताफळाची थोरली बहीण असावी तशी चिरिमोया. एवढं सगळं टाकून आमचा स्वयंपाकी सहाव्या दिवशीही पोहेच करत होता.

कोरड्या हंगामात, मे ते ऑगस्टमध्ये, ज्या जाणार आहेत त्यांनी पैसे भरण्यापूर्वीच आयोजकाला विचारा: विणकरांच्या गावात किती वेळ, आणि दुकानात किती? उत्तर लेखी घ्या. चिंचेरोचा रविवार मागून घ्या. कापड उलटून बघा, कडा बघा, कोणी विणलं ते विचारा. भाव जास्त वाटला तर घेऊ नका, हसून पुढे जा, परिग्रह तेवढाच कमी. यंत्राची शाल घेतलीत तर घरी येऊन जावेला 'हातची आहे' म्हणून देऊ नका, प्रतिरूपक व्यवहार फक्त दुकानदारच करतो असं नाही. 'सुल्पायकी' एवढा एक शब्द शिकून जा, केचुआत त्याचा अर्थ धन्यवाद. आणि १०-२० सोलच्या सुट्या नोटा जवळ ठेवा. शंभराची नोट पुढे केली की बाई सुट्यासाठी शेजारच्या चार जणींकडे फिरत राहते, आणि तेवढ्यात बसचा भोंगा वाजतो.