घशात हाड अडकले, की रेबीज?

मोकाट कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशातला एक तपशील नंतरच्या गदारोळात मागे पडला. नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री पकडली तेथेच परत सोडावीत, असे न्यायालयाने सांगितले. मात्र रेबीज झालेल्या, रेबीजचा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना ही सवलत नाही. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातून कुत्री हटवण्यास सांगितले. कागदावर हे स्पष्ट आहे. पण 'संशय' कोणी घ्यायचा, हा प्रश्न परतूरसारख्या तालुक्याच्या गावी लगेच उभा राहतो.

तालुक्याच्या ठिकाणचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः बैल, म्हशी आणि शेळ्यांसाठी चालतो, आणि शेतीच्या मुलखात ते रास्तच आहे. कुत्र्याच्या मोठ्या तपासण्यांसाठी रेल्वेमार्गावरच्याच परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे पाहावे लागते. त्यामुळे कुत्रा आजारी आहे हे पहिल्यांदा ओळखण्याचे काम घरच्यांवर, नाहीतर गल्लीत त्याला भाकरी टाकणाऱ्यांवर येते.

आणि इथेच सर्वांत धोकादायक गल्लत होते. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. घरच्यांना वाटते, घशात हाड अडकले. मग कोणीतरी तोंड उघडून आत हात घालतो. रेबीजचा 'मुका' प्रकार नेमका असाच दिसतो. त्यात कुत्रा चवताळत नाही, कोणाच्या अंगावर जात नाही. कोपऱ्यात पडून राहतो, मागचे पाय लुळे पडतात आणि काही दिवसांत मरतो. त्याच्या लाळेत विषाणू असतो आणि हाताला साधा ओरखडा असला तरी तो शरीरात शिरू शकतो. हाड खरोखरच अडकलेले असू शकते, पण ते पाहण्याचे काम पशुवैद्यकाचे.

'पाणी पितोय, म्हणजे पिसाळलेला नाही' हा समजही तितकाच घातक आहे. पाण्याची भीती हे माणसातल्या रेबीजचे लक्षण. कुत्र्यात ते दिसेलच असे नाही. सुरुवातीच्या खुणा स्वभावात असतात. अंगाला झोंबणारा कुत्रा अंधारात लपू लागतो, बुजरा अचानक लगट करतो, कोणी दगड-लाकूड चावू लागतो. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवतात, कारण चावताना लाळेत विषाणू असेल तर तो या मुदतीत आजारी पडून मरतो. मात्र त्या दहा दिवसांच्या भरवशावर माणसाने लस लांबवायची नसते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने दगावतात आणि त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक भारतातली असतात. लक्षणे सुरू झाल्यावर या आजारावर उपाय जवळजवळ नाहीच.

बाकीच्या आजारांत धोका मुख्यतः कुत्र्याला असतो, पण वेळेचा हिशेब तिथेही चुकतो. लस न दिलेले पिल्लू ओकू लागले आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले, तर तो पारवो असू शकतो. 'उद्या बघू' म्हणेपर्यंत पिल्लू पाणी कमी होऊन हातचे जाते. गोचिडांमुळे होणारा ताप अधिक फसवा. कुत्रा नुसता मरगळलेला दिसतो. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कधी नाकातून रक्त येते. म्हणून ओठ वर करून हिरडी पाहण्याची सवय चांगली. निरोगी हिरडी गुलाबी असते; बोटाने दाबून सोडली की दोनेक सेकंदांत रंग परततो. पांढरी, निळसर किंवा पिवळी हिरडी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. नाक कोरडे आहे की ओले, यावरून मात्र काही ठरत नाही. अंग गरम लागते यावरूनही नाही, कारण कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते.

मोठ्या चणीच्या कुत्र्याचे पोट फुगले आहे, तो ओकायचा प्रयत्न करतो पण बाहेर काही पडत नाही, अशा वेळी हातात काही तासच असतात. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी खूप पाणी पिऊ लागली आणि सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. पू बाहेर दिसेलच असे नाही. कापूस-सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत लाळ गाळत थरथरणारा कुत्रा विषबाधेचा असू शकतो, त्यामुळे रेबीजची शंका असो वा विषाची, तोंडात हात न घालण्याचा नियम तोच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जोरजोरात धापा टाकून लडखडणाऱ्या कुत्र्याला आधी सावलीत आणावे, अंगावर साधे पाणी ओतून वारा घालावा आणि मग गाडीत घालावे.

घरातला औषधांचा डबा हा आणखी एक धोका. माणसाची पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला इजा करू शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक जठरात व्रण करतात, मूत्रपिंडे बिघडवतात. द्राक्षे आणि मनुकाही अनेक कुत्र्यांना बाधतात, हे द्राक्षबागांच्या जालना जिल्ह्यात ठाऊक असलेले बरे.

एखादी उलटी होऊन कुत्रा पुन्हा खेळू लागला, तर दिवसभर थांबायला हरकत नाही. थांबायचे नसेल तेव्हा आधी फोन करावा. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, तिथेही विचारता येते. कधीपासून खाणे बंद आहे, शेवटची लस कधी दिली, कोणाला चावला किंवा चाटला का, एवढे सांगितले तरी पशुवैद्यकाचे निम्मे काम होते. विषाची शंका असेल तर औषधाचे वेष्टन सोबत न्यावे आणि झटका आल्यास त्याचे मोबाइलवर चित्रण करावे, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत झटका बहुधा थांबलेला असतो.