मान डोलली, पण कळलं का?

‘समजलं ना?’ असं डॉक्टरांनी विचारायचं, पेशंटनं मान डोलवायची, की माहिती दिल्याचं काम उरकलं. बाहेर रांग ताटकळलेली असताना ‘नाही समजलं’ म्हणायला छाती लागते. त्या ‘हो’त अदब भरपूर असते, आकलन किती, ते देव जाणे.

म्हणून काय कळलं, ते पेशंटकडून त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावं. यावरचा पूर्वपक्ष ठरलेला आहे: ओपीडीत एवढी गर्दी, प्रत्येकाकडून वदवून घ्यायला वेळ कुठला? आक्षेप खोटा नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या मधुमेही रुग्णांवरचा डीन शिलिंजर आणि सहकाऱ्यांचा २००३चा अभ्यास पाहा. नव्यानं सांगितलेल्या गोष्टींपैकी जेमतेम १२ टक्के गोष्टी पेशंटला कळल्या की नाही, हे डॉक्टरांनी तपासलं होतं. आणि जिथं तपासलं, त्या भेटी लांबल्या नव्हत्या. आपली गर्दी तिथं नव्हती, हे मान्य. मग सगळं नको, जिवावर बेतेल तेवढं तरी विचारा. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. गोळी म्हणजे रोजची, या सवयीनं कुणी ते रोज घेतलं तर रक्तपेशी घटून माणूस दगावू शकतो. एवढं वदवून घ्यायला अर्धं मिनिट पुरे.

‘शिकलेल्यांना हे कशाला?’ हा तर भ्रमच. ‘उपाशीपोटी या’ म्हटल्यावर चतुर्थीच्या उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन पदवीधरही येऊ शकतो. आपल्या भाषेत उपास आणि उपाशी यांत एक ताटली खिचडी मावते.

राहिली संमतिपत्रावरची सही. पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती खरी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितलं. माहिती पोचली की नाही, हे सही कसं सांगणार?

विचारायचं कसं, हे मात्र महत्त्वाचं. मास्तरी सूर नको. ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघतोय, घरी सूनबाईंना काय सांगाल?’ असं म्हटलं की परीक्षा डॉक्टरची होते. उत्तर चुकलं तर शब्द बदलून पुन्हा सांगायचं, पुन्हा विचारायचं. पोपटपंचीची शंका आली तर इनहेलर हातात देऊन ओढायला लावायचा. किंवा सरळ विचारायचं, ‘काका, उद्या तपासणीला निघेपर्यंत काय काय कराल?’

‘काही नाही. उठायचं, चहा घ्यायचा आणि उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं.’