कालव्याची वाट सायकलींसाठी राखा

प्रति,
मा. कार्यकारी संचालक, महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ,
मा. जिल्हाधिकारी, सातारा,
आणि धोम धरणाच्या कालव्यांची देखभाल करणारे सर्व अभियंते व कर्मचारी



मी वाईत राहते. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त आहे. सायकल मात्र सुटलेली नाही. हे पत्र कालव्याच्या पाण्याबद्दल नाही. कालव्याच्या भरावावरून तुमच्या खात्याच्या पाहणीसाठी जी वाट जाते, तिच्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी मी पसरणी घाटातून खाली येत होते. वळणावर मागून आलेल्या पर्यटकांच्या गाडीने पुढे काढण्याच्या घाईत मला गटारात लोटले. उजवे मनगट मोडले. गाडी थांबली नाही. मागून येणाऱ्या एका दूधवाल्याने मला उठवून दवाखान्यात नेले. सहा आठवडे हात गळ्यात होता. त्यानंतर घरच्यांनी सायकल विकायची म्हटली, तेव्हा मी एवढेच कबूल केले की हमरस्त्यावर जाणार नाही. आणि कालव्याकडे वळले.

हमरस्त्याची अवस्था तुम्हाला सांगायला नको. शनिवार-रविवारी सुरूर फाट्यापासून महाबळेश्वरपर्यंत गाड्यांची रांग असते, हंगामात त्यात उसाच्या ट्रॉल्यांची भर. रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, आणि कडेचे जुने वड आधी जातात. वाईच्या आसपास सायकलने फिरावे असे किती आहे! मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा, धोमचे नरसिंहाचे मंदिर आणि तिथला कमळाच्या आकाराचा हौद, धरणाच्या पाण्याने वेढलेल्या डोंगररांगेवरचा कमळगड, आणि अगदी टोकाला, जिथे रस्ताच संपतो, ते महाबळेश्वराच्या कड्याखालचे जोर गाव. पण तिथवर सायकलने जायचे तर आधी जिवावर उदार व्हावे लागते. म्हणून बाहेरून येणारा सायकलस्वार सायकल गाडीच्या टपावर बांधूनच आणतो. हे मला फार लागते.

वर्गात समोच्च रेषा शिकवताना मुलांना नकाशावरून काही उलगडायचे नाही. मग मी त्यांना कालव्यावर न्यायची. धोमपासून निघालेले डावा आणि उजवा असे दोन कालवे डोंगराच्या पायथ्याला बिलगून जातात. पाणी आपल्या वजनानेच वाहायला हवे, म्हणून कालव्याला किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतार देतात. डोंगराची सोंड आली की कालवा तिला वळसा घालतो, घळ आली की आत शिरून पुन्हा बाहेर येतो, मोठा ओढा आला की जलसेतूवरून पलीकडे जातो. मुले भरावावरून चालत जायची आणि समोच्च रेषा म्हणजे काय ते पायांना कळायचे. आज तोच धडा मी सायकलवर गिरवते. या पायथ्याला दुसरा कुठलाही रस्ता घ्या, दर मैलाला चढ आणि उतार. कालव्याची वाट मात्र दहा वर्षांच्या पोराला आणि पासष्टीच्या बाईला सारखीच झेपते. असा सपाट रस्ता नव्याने काढायचा म्हटला तर कोट्यवधींचे भूसंपादन करावे लागेल. इथे तो काढून ठेवलेला आहे.

तो कसा आहे ते जवळून सांगते. मळलेली मुरमाची वाट, मधे गवताची पट्टी. आवर्तन सुरू असले की डाव्या हाताला काठोकाठ पाणी, उजव्या हाताला खाली ऊस नाहीतर हळद. सकाळी सातला खंड्या तारेवर बसलेला असतो. मधे मधे शेतकऱ्यांनी आडवे टाकलेले पाइप आणि त्यांवर मुरूम ओतून केलेले उंचवटे येतात, तिथे उतरावे लागते. काही ठिकाणी वेड्या बाभळीने वाट गिळली आहे. तिच्या काट्यांनी एका सकाळी माझी दोन्ही चाके बसली. मी पंक्चर काढत बसले असताना तिथला पाटकरी आला, शेजारी उकिडवा बसला आणि पाण्यात ट्यूब धरून बुडबुडे दाखवू लागला. मी म्हटले, "मी इथून जाते ते चालतं ना तुम्हाला?" तो म्हणाला, "बाई, सायकलीनं भरावाला काय होतंय? गाड्या आल्या की भराव बसतो. त्यांना अडवायला मी एकटा कुठं कुठं पुरणार?"

त्याच्या या बोलण्यातच माझी मागणी आहे. गेल्या दोन हिवाळ्यांत सुट्टीच्या दिवशी जीपा भरावावर येऊ लागल्या आहेत. चाकोऱ्या पडतात, पावसाळ्यात त्यांत पाणी साचते आणि भराव कमकुवत होतो. बाटल्या पाण्यात जातात आणि चारीच्या दारात अडकतात. ही वाट मोटारींच्या हाती गेली तर कालवाही जाईल आणि वाटही.

एक उदाहरण देते. इटलीच्या उत्तरेला आल्प्सच्या कुशीत व्हिन्शगाऊ नावाचे खोरे आहे. तिथे पाऊस कमी, म्हणून शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरउतारांवरून पाट काढले. पाटाला तिथे 'वाल' म्हणतात आणि पाटकऱ्याला 'वालर'. पाटात लहानसे पाणचक्र बसवून त्याला हातोडी आणि घंटा जोडत. घंटा वाजत असेतो पाणी वाहते आहे, थांबली की वर कुठेतरी तुंबले, हे वालरला लांबूनच समजे. हे वाचले तेव्हा मला मेणवलीच्या घाटावरची घंटा आठवली. 1739च्या वसईच्या विजयानंतर आलेली ती पोर्तुगीज घंटा, 1707 साल कोरलेली. असो. सांगायचे ते हे, की वालरच्या त्या पायवाटा आज चालणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत आणि खाली नदीकाठाने खोरेभर सायकलमार्ग आहे. तिथली मेरान ते माल्स ही 60 किमीची रेल्वे 1990च्या सुमारास बंद पडली होती, ती 2005 मध्ये पुन्हा सुरू केली. लोक गाडीने वर जातात, स्टेशनवर सायकल भाड्याने घेतात आणि नदीबरोबर खाली उतरतात. सफरचंदाच्या बागांतली घरे त्यांना उतरवून घेतात, जेवू घालतात.

आपल्याकडे रेल्वे आहे. पुणे-मिरज मार्गावरचे वाठार हे एके काळी महाबळेश्वरला जाणाऱ्यांचे स्टेशन होते. तिथे उतरायचे आणि टांग्याने वाईमार्गे वर जायचे. वाठारला सायकल उतरवता आली, गावरस्त्याने कालवा गाठता आला आणि कालव्याने डोंगराच्या कडेकडेने वाईला, तिथून धोमला पोचता आले, तर दोन दिवसांची सुरेख सहल होते. मुक्काम एखाद्या वस्तीवर, पिठलं-भाकरी, सकाळी पुढे. त्या वस्तीवरच्या घराला चार पैसे मिळतील. आज घाटात रांगेत अडकलेली गाडी या खेड्यांना धूर देऊन जाते.

आता काय करायचे ते. डांबर नको, काँक्रीट नको, दिवे नकोत, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. जिथे रस्ता कालव्याला छेदतो तिथे भरावाच्या तोंडाशी कुलपाचा अडसर लावा आणि बाजूने सायकल व माणूस जाईल एवढी फट ठेवा. अडसराची किल्ली पाटकऱ्याकडे आणि त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांकडे असू द्या, कारण त्यांची बैलगाडी, त्यांचा ट्रॅक्टर अडता कामा नये. दुरुस्तीची यंत्रेही जायलाच हवीत. वेडी बाभूळ काढा. पाइप उंचवट्याऐवजी वाटेखालून न्यायला लावा. छेदरस्त्यांवर गतिरोधक आणि पाटी हवी, ते काम बांधकाम खात्याचे. आणि सुरुवातीला सगळा कालवा नको, वाईजवळचा दहा किलोमीटरचा तुकडा द्या.

तुमची शंका मला माहीत आहे: कोणी पाण्यात पडले तर? शंका रास्त आहे. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू गुळगुळीत असतात, पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. पण आजही त्या वाटेने मुली शाळेत जातात, बाया धुणे घेऊन येतात, मेंढपाळ जातात. धोका त्यांना आहेच, आणि त्यांच्यासाठी कोणी काही केलेले नाही. ठरावीक अंतरावर पायऱ्या आणि धरायला साखळ्या लावा, खोल जागी कठडा घाला. सायकलच्या निमित्ताने ते होईल आणि त्याचा पहिला लाभ त्या मुलींना होईल. पावसाळ्यात वाटेवर चिखल होतो, तेव्हा जून ते सप्टेंबर वाट बंद ठेवा. आमची काही तक्रार नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या राबत्याची. 2018च्या सप्टेंबरात पुण्यात दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि शेकडो घरांत पाणी शिरले. घुशी, उंदीर, खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे तेव्हा सांगण्यात आले. भरावाच्या बाहेरच्या अंगाला पहिला पाझर दिसतो तो रोज तिथून जाणाऱ्याला. एक पाटकरी मैलोन्‌मैल कालवा पाहू शकत नाही. रोज पन्नास सायकली गेल्या तर पन्नास माणसांच्या नजरा जातील. पाटीवर शाखा कार्यालयाचा फोन लिहा, आम्ही कळवू. 2005च्या कायद्याने पाणीवापर संस्थांच्या हाती सिंचनाचे व्यवस्थापन दिले आहे. या वाटेची राखणही त्यांना सोपवा, आणि बाहेरून येणाऱ्या मोठ्या गटांकडून त्यांनी माफक शुल्क घ्यावे.

पलीकडे ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचे आराखडे होत आहेत. त्यांत रस्ते असतील, वाहनतळ असतील. मोटारीविना डोंगराच्या पायथ्याने जाता येईल अशी एक रेघ त्या नकाशांत कुठे आहे, ते मला अजून दिसलेले नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. त्याच्या पायथ्याशी अशी एक वाट राखणे त्या निर्णयाला धरूनच होईल.

एक विनंती. दोन आवर्तनांच्या मधे कालवा कोरडा असतो, तेव्हा एखाद्या सकाळी पाहणीला या. जीप वाईच्या पुलाजवळ सोडा. सायकली मी जमवून ठेवते, पाटकरी सोबत येतो म्हणाला आहे. दहा किलोमीटर आहेत, तासाभराचे काम.

आपली,
वाईची एक निवृत्त शिक्षिका