काउंटरवरील नानकटाई

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या गावातील बेकरीची भट्टी पावापेक्षा नानकटाईसाठीच अधिक राबते. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने पांढरीशुभ्र होईतो फेसावी, त्यात मैदा, मूठभर रवा आणि वेलदोड्याची पूड मिसळावी, गोळ्यावर बदामाचा किंवा पिस्त्याचा काप बसवावा, आणि डबा घेऊन भट्टीवर आपल्या पाळीची वाट पाहत बसावे, हा क्रम आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. पत्रा बाहेर निघाला की येणारा तो वास वर्णन करण्याच्या भानगडीत आम्ही पडत नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी तो घेतलेला असेल. तेव्हा आम्ही या पदार्थाचे वैरी आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. आमची तक्रार बेकरीतल्या नानकटाईबद्दल नसून आमच्याच काउंटरवरील नानकटाईबद्दल आहे.

सन २०२३ च्या दिवाळीपूर्वी एका पुरवठादाराचा प्रतिनिधी आमच्या दवाखान्यात आला. ‘साखरविरहित’ व ‘अश्वगंधायुक्त’ अशी दोन बिरुदे मिरविणारी, वर काजू-बदामाचे काप लावलेली नानकटाई त्याने दाखविली. दहा खोक्यांवर दोन मोफत अशी स्कीम होती. आम्ही वीस खोकी घेतली आणि दवाखान्याला लागून असलेल्या आमच्याच औषधालयात, च्यवनप्राशाच्या बाटल्यांशेजारी मांडली. खोक्यामागील बारीक मजकूर आम्ही वाचला नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु लिहिणे भाग आहे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी एक निवृत्त शिक्षक सपत्नीक आले. गेली दहा वर्षे मधुमेह, पथ्याला अत्यंत काटेकोर, त्यामुळे आमचा त्यांच्यावर विशेष लोभ. उपाशीपोटीची साखर १३८ वरून २१२ वर गेलेली, पायांची आग वाढलेली, झोप उडालेली. आम्ही नेहमीच्या पद्धतीने फराळाची चौकशी केली. गुरुजींनी लाडू-करंजीला हातही लावला नव्हता. मग बाई म्हणाल्या, ‘‘घरची नानकटाई मी त्यांना दोनच देत होते. ही तुमच्या दुकानातली, म्हणून मोजली नाही.’’

आम्हांस यावर उत्तर सुचले नाही. त्या रात्री खोके उलटून वाचले. मैदा, वनस्पती, माल्टिटॉल, माल्टोडेक्स्ट्रिन. आणि अगदी शेवटी अश्वगंधा, प्रमाण दिलेले नाही. माल्टोडेक्स्ट्रिन नावाने साखर नसले तरी रक्तात त्याची साखर होण्यास फारसा वेळ लागत नाही, मैद्याचेही तेच. गुरुजी रोज आठ-आठ खात होते, कारण ते त्यांच्या लेखी खाद्य नव्हते, औषध होते. तसे त्यांना आम्ही तोंडाने सांगितले नव्हते. आमच्या फळीने सांगितले होते.

व्यवसायबंधूंनी एकदा घरच्या नानकटाईचा हिशेब कागदावर मांडून पाहावा. पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर, दीडशे ग्रॅम तूप, पन्नास ग्रॅम बदाम-पिस्ते असे घेतले की साधारण पंचवीस नग होतात. म्हणजे प्रत्येकी पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा साखर आणि सहा ग्रॅम तूप. चार खाल्ल्या तर चार चमचे साखर व जवळजवळ पाच चमचे तूप पोटात गेले. ‘‘साखर नाही हो, पिठी आहे’’ असे सांगणारे रुग्ण आम्हांला दरवर्षी भेटतात! परंतु या हिशेबात लपवाछपवी नाही. परातीत काय पडले ते गृहिणीने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि म्हणूनच ती ‘दोनच’ म्हणू शकते.

शास्त्रदृष्ट्याही घरच्या नानकटाईची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. एकाच पिठाचे अपूप कशावर शिजविले यानुसार त्यांचे लाघव उत्तरोत्तर वाढते असे वाग्भटांनी अन्नस्वरूप सांगताना म्हटले आहे, आणि त्या क्रमात कंदू म्हणजे भट्टी बरीच पुढे येते. तळलेल्या शंकरपाळ्यापेक्षा भट्टीत भाजलेला पदार्थ बरा, हे त्यावरून आम्ही रुग्णांस निःशंकपणे सांगतो. मात्र मोहनाने आणि मैद्याने आलेले गुरुत्व भट्टी पूर्णपणे हरण करीत नाही. वाताम, अभिषुक, अक्षोट ही फळे चरकांनी गुरु, उष्ण, स्निग्ध, बृंहण, वातघ्न आणि कफपित्त वाढविणारी सांगितली आहेत. आता दिवाळी येते आश्विन-कार्तिकात, शरदात, पित्तप्रकोपाच्या काळात. बदाम-पिस्ते घातलेले खाद्य त्या दिवसांत मनसोक्त खाण्याचे नव्हेच. हेमंतात मात्र अग्नी बलवान असतो. त्याला गुरु आहाराचे इंधन न मिळाल्यास तो शरीरातील रसच जाळू लागतो, असे ऋतुचर्येत आपण सर्वांनी पाठ केले आहे. थंड देशांत नाताळाच्या सुमारास अक्रोड, लोणी आणि पिठीसाखरेच्या कुकीज घरोघरी भाजतात. ऋतूचा विचार करता ते लोक आपल्यापेक्षा शहाणे ठरतात, हे कबूल करावयास काय हरकत आहे?

मात्रेचा नियमही साधा आहे. गुरु पदार्थ तृप्तीच्या अर्ध्यावर वा तिसऱ्या हिश्श्यावर थांबवावा. पिष्टमय पदार्थ जेवणावर तर मुळीच खाऊ नये, भूक असतानाच मोजका खावा. आणि आमच्याकडे नानकटाई नेमकी जेवणानंतर, गप्पांबरोबर, डबा मध्ये ठेवून खाल्ली जाते.

‘औषधी’ नानकटाईने हा मोजण्याचा संस्कारच पुसला, हे आमचे मुख्य म्हणणे आहे. वनस्पतीतील ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, त्यामुळे तो मुद्दा आम्ही ताणत नाही. परंतु अश्वगंधाचूर्णाची आपली नेहमीची मात्रा तीन ते सहा ग्रॅम. तेवढे चूर्ण एका नानकटाईत घातले तर ती तोंडात धरवणार नाही. न घातले तर नाव कशाला? दुसऱ्या एका खोक्यावर ‘शुद्ध मधात बनविलेली’ असे ठळक छापलेले आम्ही पाहिले. तापविलेल्या मधाविषयी आपल्या संहिता काय सांगतात, हे बी. ए. एम. एस. च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तरी तो भट्टीत भाजलेला मध वैद्यांच्याच फळीवर विकला जातो. आयुर्वेद आहाराची नियमावली २०२२ साली आली आणि तिच्यात ग्रंथोक्त कृती, घटक वा प्रक्रिया यांचा आधार मागितला आहे. औषधालयाच्या मालकांनी पुरवठादारास ‘ग्रंथ कोणता?’ एवढे विचारण्याची सवय ठेवली तरी पुष्कळ खोकी दारातूनच परत जातील. मार्जिन जाईल, हे खरे. त्या वीस खोक्यांत आम्हांलाही चार पैसे सुटले होते. उरलेली सात खोकी आम्ही परत केली. ती घेताना प्रतिनिधीने ‘‘बाकीचे डॉक्टर तर अजून मागताहेत’’ असे ऐकविले.

गुरुजींची साखर मूळ पदावर यावयास तीन महिने लागले. पुढच्या वर्षी डिसेंबरात त्यांची कन्या न्यू जर्सीहून सुटीवर आली आणि तिने तिकडच्या रीतीने अक्रोडाच्या कुकीज केल्या. यांत पिठात साखर थोडीच असते. गरम असतानाच, आणि निवल्यावर पुन्हा, त्या पिठीसाखरेत घोळवितात. बाई चार नग डब्यात घालून आमच्याकडे आल्या आणि ‘‘वैद्यबुवा, या चालतील का?’’ म्हणून विचारू लागल्या. गुरुजींचा ताजा रिपोर्ट आम्ही आधी पाहिला. मग सांगितले, की त्यांच्यासाठीच्या साखरेत घोळवू नका, दुपारी चारच्या सुमारास भूक लागल्यावर एक द्या, त्या दिवशी रात्री भात नको, आणि चौथ्या दिवशी साखर तपासा.

‘‘एकच?’’ गुरुजी दारातून म्हणाले. बाईंनी तोवर डब्याचे झाकण लावले होते.